खंडे नवमीची खिडकी

लातूरच्या गरुडाक्ष क्लासेसमध्ये एक काळी खिडकी होती आणि ती खंडे नवमीपासून उघडी होती.

ही भिंतीतली खिडकी नव्हे. भिंतीतल्या खिडक्या तीनच होत्या, आणि मुलांचं लक्ष बाहेर जातं म्हणून त्या फार पूर्वी खिळे ठोकून बंद केल्या होत्या. ही कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. जाणकार तिला शेल म्हणतात. काळा चौकोन, त्यात एक लुकलुकणारी रेघ. तिथं हुकूम टाइप करायचा, की शेल त्या कामासाठी एक प्रोग्राम जन्माला घालतो. घालणारा बाप, जन्मलेलं ते लेकरू. हे शब्द कुणी लातुरात बसून तयार केलेले नाहीत, जगभरच्या पुस्तकांत तसंच लिहिलंय.

खंडे नवमीला माणसं आपापल्या हत्यारांची पूजा करतात. कुणी कोयता पूजतो, कुणी ट्रॅक्टर, कुणी शिलाई मशीन. क्लासचे मालक मन्मथ सर फिजिक्स शिकवायचे, पण स्वतःला ते मूळचे संगणकवाले समजत. म्हणून त्यांनी त्या दिवशी एक कोरी खिडकी उघडली, पडद्याच्या काचेला हळदकुंकू लावलं, वर झेंडू ठेवला, समोर नारळ फोडला आणि सांगितलं, "आता ही पुढच्या नवमीलाच बंद होईल. पूजलेलं हत्यार मधीच टाकून द्यायचं नसतंय."

तेव्हापासून पडद्यावर वरच्या ओळीतलं पहिलं अक्षर कुंकवाखाली असे आणि ते अंदाजानं वाचावं लागे. खिडकीसाठी वेगळा इन्व्हर्टर आणला होता. वीज गेली की वर्गातले पंखे थांबत, मुलं वह्यांनी वारा घेत, आणि ऑफिसात खिडकी लुकलुकत राही.

ह्या सगळ्याची देखभाल जीशानकडे होती. जीशान चोवीस वर्षांचा, अहमदपूरचा, नांदेडला पॉलिटेक्निक केलेला. देखभाल करायची म्हणजे मशीनची करायची. खिडकीला हात लावायचा नाही. खिडकीत फक्त सर टाइप करत.

दर रविवारी क्लासची मोठी चाचणी होई. लातूर, नांदेड, उमरी, अहमदपूर, शिरूर अनंतपाळ, सगळीकडची मिळून सहा हजार आठशे चाळीस मुलं ती देत. एक वाजता चाचणी संपली की सर त्या खिडकीत स्वतःच्या हातानं एक प्रोग्राम सुरू करत. तो सगळ्यांचे पेपर तपासून गुणानुक्रम लावे. हा प्रोग्राम सरांनी स्वतः लिहिला होता, क्लासमध्ये बावीस मुलं होती तेव्हा. नाव 'वैयक्तिक'. कारण क्लासच्या पाटीवर तेव्हापासून लिहिलंय, 'प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष'. सरांनी पाटीचा शब्द खाली पडू दिला नव्हता. प्रोग्राम प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक स्वतंत्र लेकरू जन्माला घालायचा, ते त्या एकाच पोराचा पेपर दहा सेकंद मन लावून तपासायचं आणि मरायचं.

बावीस मुलांना बावीस लेकरं, ह्यात काही अडचण नव्हती. सहा हजार आठशे चाळीस लेकरं एका झटक्यात जन्मली की मात्र मशीन साधारण दोन हजाराव्या बाळंतपणाला आडवं पडायचं. आधी माऊस थांबे, मग पंखा विमानासारखा आवाज करी, मग शांतता. मशीन पुन्हा जागेवर यायला पाऊण तास. उघडी खिडकी मात्र तेवढ्यातून वाचायची. जीशानला त्याचं नेहमी नवल वाटे. सरांना वाटत नसे.

लागोपाठ तीन रविवार असे गेले. निकाल मंगळवारी लागले. पालकांचे फोन मनिषा मॅडमनी घेतले. मनिषा मॅडम उमरीच्या, रिसेप्शनला बसायच्या आणि फोनवर एकच वाक्य तीन वेगवेगळ्या आवाजांत बोलू शकायच्या.

"जीशान," त्या म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत निकाल 'प्रक्रियेत आहे' असं मी चारशे लोकांला सांगितलंय. एकानं इचारलं, प्रक्रिया म्हणजे काय. मला आलं न्हाई सांगता."

"मशीन मरतंय, मॅडम."

"ते कसं सांगू मी लोकांला?"

प्रोग्राम बदलायचा नाही, हे ठरलेलं होतं. सर म्हणत, "त्यातलं एक अक्षर हाललं तर मला झोप लागणार न्हाई." पण प्रोग्राम न बदलताही एक करता येत होतं. शेलला स्वतःवर मर्यादा घालता येतात. इतकीच मेमरी वापरीन, इतक्याच फायली उघडीन, इतकीच लेकरं एका वेळी घालीन. बापानं स्वतःवर घातलेली मर्यादा लेकरांना जन्मतःच लागते, नातवंडांनाही लागते. कमांडचं नाव यूलिमिट. एका वेळी चारशे लेकरं, असं सांगितलं की मशीन आरामात चाललं असतं, आणि 'वैयक्तिक'मध्ये सरांनी फार वर्षांपूर्वी एक चांगली गोष्ट लिहून ठेवली होती. जन्म नाकारला गेला, तर एक सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न. त्या ओळीशेजारी सरांनी शेरा मारला होता, 'प्रयत्न सोडू नये.' म्हणजे चारशेच्या वरची लेकरं मुकाट रांगेत उभी राहिली असती.

जीशाननं गुरुवारी ही मर्यादा सरांच्या खात्याच्या सुरुवातीच्या फाईलमध्ये लिहिली. सरांनी मराठी फॉन्ट नीट करायला खातं दिलं होतं. त्यानं फॉन्ट नीट केला आणि जाता जाता ही एक ओळ टाकली. खिडकी उघडली की पहिल्यांदा ही फाईल वाचली जाते. तो निवांत झाला. शनिवारी अहमदपूरला जाऊन आईच्या हातचं तलावा गोश्त खाऊन आला.

चौथ्या रविवारी मशीन दोन हजार सोळाव्या लेकराला आडवं पडलं.

जीशान बंद पडद्याकडे बघत उभा राहिला आणि मग त्याला कळलं. खिडकी उघडताना फाईल वाचली जाते. ही खिडकी उघडली खंडे नवमीला, ओळ लिहिली माघात. खिडकीनं ती ओळ वाचलेलीच नव्हती आणि पुढच्या नवमीपर्यंत वाचणारही नव्हती. ती अजून नवमीच्याच कायद्यानं चालत होती.

सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. सरांच्या केबिनमध्ये सत्काराच्या इतक्या शाली होत्या की एका कपाटाला शालीचाच पडदा होता.

"जीशान, पुढचा रविवार शेवटचा. पाच वाजता निकाल, असं मी आताच सगळ्या पालकांला मेसेज टाकून राहिलोय. पाचला न्हाई लागला तर त्याच्या पुढून चाचणी कागदावर. पेन, कागद आन् तपासायला मास्तर."

"हाव, सर."

"आन् कागदाला तू लागत न्हाईस."

हे सरांनी रागानं म्हटलं नाही. हिशेब सोडवून उत्तराखाली रेघ मारावी तसं म्हटलं.

जीशान नोकरीतून सुटला तर कुठं जाणार हे ठरलेलंच होतं. अहमदपूरला मोंढ्याच्या मागं त्याच्या अब्बांचं, म्हणजे जलीलभाईंचं, कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान होतं. जीशानला कापसाच्या धुळीनं शिंका येत. साध्या नव्हेत. लहानपणी आईनं एकदा मोजल्या होत्या, सलग एकतीस. म्हणून तर त्याला संगणकाकडं पाठवलं. कॉम्प्युटरमध्ये कापूस नसतो, एवढ्या एका मुद्द्यावर त्याचं शिक्षण झालं होतं.

त्याच संध्याकाळी अब्बांचा फोन आला. "क्या मियाँ, सुना मैं. आरा क्या? शादियों का सीजन है, गाद्यां पड़ेले हैं."

"देखता, अब्बा."

"देखके क्या करता. नाक को रुमाल बांध के आ."

आता रस्ते दोन होते. बाहेरून एखाद्या चालू खिडकीवर मर्यादा घालता येते, वाढवता येते, काहीही करता येतं. पण त्याला मशीनचा सर्वांत मोठा मालक लागतो. त्याला रूट म्हणतात. रूटचा पासवर्ड एका बंद पाकिटात होता आणि पाकीट शिरूर अनंतपाळला सरांच्या आईच्या, शरणम्मांच्या, लोखंडी कपाटात होतं. सरांनी एकदा रूट होऊन एका दमात अख्ख्या वर्षाची हजेरी पुसली होती. त्यानंतर त्यांनी स्वतःच पाकीट आईकडं दिलं आणि सांगितलं, मी मागितलं तरी देऊ नको.

दुसरा रस्ता म्हणजे खिडकीनं स्वतःच स्वतःवर मर्यादा घालायची. त्याच खिडकीत, हातानं टाइप करून. आणि त्या खिडकीत टाइप करणारे हात एकाच माणसाचे होते. म्हणजे जीशाननं मन्मथ सरांना स्वतःवर मर्यादा घालायला लावायची होती. सरांचं पन्नास मिनिटांचं लेक्चर आजवर कधी दोन तासांच्या आत संपलं नव्हतं.

सोमवारी तो बोलला. सर म्हणाले, "पाटीवर काय लिहिलंय? वैयक्तिक लक्ष. पोरांला रांगेत उभं करून वैयक्तिक लक्ष देतो का आपण?" बुधवारी पुन्हा बोलला. सर म्हणाले, "माझ्या प्रोग्रामला मर्यादा. उद्या म्हणशील न्यूटनला मर्यादा." ते झालं आणि जीशान रिसेप्शनला येऊन बसला.

मनिषा मॅडमनी फोनवर हात ठेवला. "कसं इचारलं तू?"

"मर्यादा घाला म्हणलं."

"येडाच हायेस. त्यांच्या घरात मर्यादा म्हणत न्हाईत. नेम म्हणतात. त्यांच्या आईचा, अव्वांचा नेम बघ की, सतरा वर्षं टमाटा खाल्ला न्हाई. सरांचा सोमवारी मीठ न खायाचा नेम हाय. नेम म्हण."

गुरुवारी जीशान केबिनमध्ये गेला. "सर, खिडकी पूजलेली आहे. तिनं एक नेम धरला तर कसं? एका वेळी इतकीच लेकरं, जास्त नाही."

सरांनी शालींकडे बघितलं. "नेम," ते म्हणाले. "हे तू सोमवारीच का न्हाई सांगितलंस?"

जीशाननं एका चिठ्ठीवर कमांड लिहून दिली. यूलिमिट, डॅश एस, डॅश यू, नऊशे. आणि समजावून सांगितलं. मर्यादा दोन असतात, एक नरम, एक कडक. डॅश यू म्हणजे लेकरांची मोजणी, डॅश एस म्हणजे नरम. ती चुकली तर आपणच वर उचलू शकतो, कडकपर्यंत. कडक मर्यादा मात्र खाली आणता येते, वर नेता येत नाही. रूटशिवाय कुणालाच नाही. डॅश एस लिहिलं नाही तर दोन्ही एकदम खाली येतात. आणि नऊशे अशासाठी, की ही मोजणी फक्त खिडकीतल्या लेकरांची नसते. सरांच्या खात्यात मशीनवर जे जे चालू असेल ते सगळं त्यात धरतात. सरांच्या ब्राउझरमध्ये सव्वीस टॅब कायम उघडे असत. तेच मिळून पाचशेच्या आसपास भरत. म्हणजे लेकरांना चारशे उरले.

"ध्यानात आलं," सर म्हणाले. फिजिक्सच्या वर्गात मुलं म्हणतात तसंच म्हणाले, पण ते जीशानच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी एक वाजता चाचणी संपली. सव्वा वाजता सर हातपाय धुऊन खिडकीसमोर बसले. कपाळाला विभूती होती. त्यांनी चिठ्ठी समोर ठेवली, डोळे मिटले, उघडले आणि एका बोटानं टाइप करू लागले. जीशान मागं उभा होता. यूलिमिट. मग सर थांबले.

"हे डॅश एस," ते मागं न बघता म्हणाले. "म्हणजे नेम धरायचा आन् सोडायची वाट बी ठेवायची."

"सर, ते फक्त..."

सरांनी डावा तळहात वर केला. नेम धरताना मधे बोलायचं नसतं. "सोडता येतो तो नेम कसला. आन् नऊशे हा काय आकडा झाला? शुभ आकड्याच्या शेवटी एक असतोय."

आणि त्यांनी टाइप केलं. डॅश यू, पाचशे एक. एंटर.

खिडकी काही बोलली नाही. ती मान्य असलं की बोलत नाही. सरांनी लगेच 'वैयक्तिक' सुरू करून पाठीमागं लावून दिला, नमस्कार केला आणि खुर्चीत मागं रेलले.

मशीन आडवं पडलं नाही. पंखाही वाढला नाही. दोन वाजले, अडीच वाजले, मशीन मंद श्वास घेत चाललेलं. चार महिन्यांत इतकं शांत रविवारी कधी नव्हतं. सर समाधानानं म्हणाले, "बघ, नेमात काय ताकद असती."

जीशान स्वतःच्या खात्यातून मोजत बसला होता. त्याच्या खात्याला सरांचा नेम लागू नव्हता. सरांचे टॅब आणि बाकीचं मिळून चारशे नव्व्याण्णव. पाचशे एकातून ते वजा केले की उरतात दोन. सहा हजार आठशे चाळीस पोरं दोन दोन करून पुढं सरकत होती, दहा दहा सेकंदांनी. त्यानं भागाकार केला. निकाल रात्री पावणेअकराला लागत होता. त्यात पावणेतीन वाजता सरांनी वेळ घालवायला स्वतःच्याच नांदेडच्या सत्काराचा व्हिडिओ लावला. ब्राउझर खिडकीबाहेर जन्मलेला, त्याला नेम नव्हता. तो हवी तेवढी जागा घेई आणि मोजणी मात्र सगळ्यांची एकत्र. व्हिडिओ संपून थांबेपर्यंत वीस मिनिटं एकही विद्यार्थी जन्मला नाही.

साडेतीनला त्यानं सरांना सांगितलं.

सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग वाढवू." त्यांनी टाइप केलं, यूलिमिट, डॅश यू, नऊशे एक.

खिडकीनं उत्तर दिलं, 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. आधीचं काही कुंकवाखाली गेलं होतं, पण एवढं स्पष्ट वाचता आलं.

सरांनी तेच पुन्हा टाइप केलं. तेच उत्तर आलं. सर म्हणाले, "निदान फायली तरी बघू," आणि फायलींची यादी मागितली. खिडकी चाचरली आणि म्हणाली की लेकरू घालायला जागा नाही. कारण यादी दाखवणारासुद्धा एक वेगळा प्रोग्राम असतो आणि त्यालाही जन्म लागतो. यूलिमिट तेवढी शेलच्या अंगातलीच, तिला जन्म लागत नाही. म्हणून नाही म्हणायला ती कायम हजर होती.

त्या इमारतीत पंधरा वर्षांत मन्मथ सरांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. सर पडद्याकडे बघत राहिले. "हिला मी पूजलंय," ते म्हणाले.

"सर, खिडकी बंद करून नवी उघडली तर..."

"नवमी ऑक्टोबरात हाय."

"मग रूट."

सरांनी शिरूर अनंतपाळला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दारात मनिषा मॅडम येऊन उभ्या राहिल्या. रिसेप्शनचा फोन वाजत होता, तो त्यांनी वाजू दिला.

"अव्वा, ते कपाटातलं पाकीट उघड."

"कोणतं?" शरणम्मांचा आवाज आला. मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"संगणकाचं. त्यातला शब्द वाचून दाखव."

"तूच म्हणला होतास, मी मागितलं तरी देऊ नको."

"आता मीच मागतोय की."

"तेच म्हणून राहिले मी."

सरांनी कपाळ पुसलं. थोडी विभूती हाताला लागली. "अव्वा, एक मर्यादा वाढवायचीय."

"कुणी घातली?"

"मीच."

"कशी? नेम धरून?"

सरांनी समोरची चिठ्ठी उलटी केली. जीशान खाली बघत राहिला.

"कधी धरला?"

"दुपारी. सव्वा वाजता."

"आन् आता किती वाजलेत?" शरणम्मा म्हणाल्या. "मन्मथा, तुझ्या बापानं तंबाखूचा नेम धरला. अकराव्या दिशी मला म्हणले, डबी दे. म्या दिली न्हाई. तेवीस वर्षं मागत होते. तू तर तीन तास बी न्हाई टिकला."

"हे मशीन हाय, अव्वा. सहा हजार पोरांचा निकाल अडकलाय."

"अडकलाय कशानं?"

सरांनी फोन जीशानपुढं धरला. जीशान म्हणाला, "सलाम, अव्वा. मी जीशान. पाचशे एकच बसतील असा नेम झालाय, आणि पोरांना बसायला दोनच जागा आहेत."

"बाकीच्या जागी कोण बसलंय?"

जीशाननं सरांकडे बघितलं. सरांनी कपाटाकडे बघितलं.

"सरांचे टॅब, अव्वा."

"ते काय असतंय?"

"सरांनी वाचायला, बघायला उघडून ठेवलेलं."

"वाचून झालंय का?"

"बऱ्याचदा."

फोनवर शरणम्मांनी कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगितलं. मग म्हणाल्या, "पंगतीत जागा न्हाई म्हणून कुणी नेम मोडतंय का, लेकरा? जेवून हात वाळवत बसलेत त्यांला उठवायचं. सांग त्याला." आणि फोन ठेवला. पाकीट कपाटातच राहिलं.

चार वाजत आले होते. पाच वाजता निकाल, असा मेसेज सहा हजार आठशे चाळीस घरांत गेलेला होता. झालेले साधारण सोळाशे.

"किती उठवावे लागतील?" सरांनी विचारलं.

"एक टॅब उठला की पाच पोरं बसतात, सर. चार-पाच उठले तरी गाठू."

सरांनी ब्राउझर समोर आणला. पहिला टॅब शिरूर अनंतपाळचं हवामान. त्यांनी तो बंद केला. जीशान म्हणाला, "सात." दुसरा 'डोकं जड होण्याची कारणे'. तोही गेला. "बारा." तिसऱ्यावर सरांचा हात थांबला. तो त्यांचाच, 'प्रकाशाचे अपवर्तन, भाग चार', दोन तास चाळीस मिनिटं, पाहिलेले चारशे बारा. त्यातले किती आपण स्वतः, हे सरांना माहीत असावं.

"हे संपलं न्हाई अजून," ते म्हणाले.

"सर, उमरी सेंटरची पाच पोरं उभी आहेत," मनिषा मॅडम दारातून म्हणाल्या. उमरीचीच कशावरून, हे कुणी विचारलं नाही.

सरांनी अपवर्तन बंद केलं. "सतरा," जीशान म्हणाला. चौथा नांदेडच्या सत्काराचा. तो सरांनी आधी एकदा लावला, शाल खांद्यावर पडते तिथपर्यंत बघितला, आणि बंद केला.

"बावीस. पुरे, सर. आता फक्त नवीन काही उघडू नका."

आणि मग ते घडलं जे क्लासमध्ये कुणी कधी पाहिलं नव्हतं. मन्मथ सर छत्तीस मिनिटं हात मांडीवर ठेवून गप्प बसले. त्यांना ठाऊक होतं की आपण काही उघडलं तर तिकडं एखाद्या पोराचा जन्म अडतो. एकदा त्यांचा हात माऊसकडं गेला, पण त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून परत आणला. एकदा ते बोलायला लागले आणि मध्येच थांबले, जरी बोलण्याची मोजणी मशीन करत नव्हतं. जीशाननं ते त्यांना सांगितलं नाही.

चार वाजून छप्पन्न मिनिटांनी शेवटचं लेकरू जन्मलं, शेवटच्या पोराचा पेपर तपासला आणि मेलं. निकाल लागला. पाचला मेसेज गेले. मनिषा मॅडमनी रिसेप्शनवर जाऊन फोन उचलला आणि पहिल्यांदाच चौथ्या आवाजात बोलल्या, "लागलाय की. बघा ना."

अब्बांचा फोन सहाला आला. "क्या मियाँ, आरा क्या?"

"नहीं आरा, अब्बा."

पलीकडं पिंजण्याच्या मशीनचा आवाज होता. "बरं," अब्बा म्हणाले. "फिर वो कुर्सी पे बैठ-बैठ के कमर जाती तेरी. भेजता मैं कुछ."

सोमवारी जीशानला कायम केल्याचं पत्र मिळालं. कामाच्या यादीत पहिलं काम लिहिलं होतं, 'येत्या खंडे नवमीपर्यंत खिडकीचा नेम सांभाळणे.' दर रविवारी सव्वा वाजता सर केबिनमधून येत, आपल्या हातानं चार टॅब बंद करत, 'वैयक्तिक' सुरू करत आणि हात मांडीवर ठेवून बसत. लेक्चर मात्र पूर्वीइतकंच लांब राहिलं. तो नेम त्यांनी धरला नव्हता.

गुरुवारी अहमदपूरच्या एसटीतून एक गोल, चौकडीची, टाचलेली गादी आली. खुर्चीच्या मापाची, नव्या कापसाची, जलीलभाईंनी स्वतः पिंजलेली. जीशाननं ती खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसला.

सर समोर उभे राहून मोजत होते. एकोणिसाव्या शिंकेला त्यांनी विचारलं, "ह्याला मर्यादा न्हाई का काही?"

"आहे, सर," जीशान नाक पुसत म्हणाला. "एकतीस. पण नरम आहे. वाढवता येते."